मागच्या खोलीतले कपडे

१२ ऑगस्ट

प्रिय ठमे,

तुझ्या संग्रहालयाचं पत्र मिळालं. "माननीय महोदय" वाचल्यावर मी पाकीट उलटंपालटं करून पत्ता पुन्हा तपासला. म्हटलं, बँकेच्या मॅनेजरचं पत्र चुकून लाँड्रीत आलं की काय. मग खाली तुझी सही दिसली. ज्या महोदयाने तुला सायकल शिकवली, तुझ्या वाटचा मार खाल्ला आणि तुझं पहिलंवहिलं प्रेमपत्र अण्णांच्या हाती लागायच्या आत बॉयलरच्या तोंडी दिलं, त्या महोदयाला तू "आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार" लिहितेस! तुझी वहिनी हसता हसता खालीच बसली, आणि तिच्या गुडघ्यांमुळे तिला उठवायला दोघं लागली. हा खर्च तुझ्या नावावर मांडला आहे.

तर उत्तर असं, की मागच्या खोलीतले कपडे मी देणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांतपणे रागावून वाचता येईल.

तुमच्या पत्रात त्यांना "हत्याकांडातील बळींचे वस्त्रावशेष" म्हटलं आहे. बरोबरच असेल. आपल्या लहानपणी त्या वर्षी जे झालं, त्याला हत्याकांड म्हणायलाच सरकारला किती वर्षं लागली, ते मी विसरलेलो नाही, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून वदवून घेणाऱ्यांत तू होतीस याचा मला अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही, कारण तुझं डोकं आधीच आभाळाला टेकलेलं. पण आपल्या दुकानात ते गिऱ्हाइकांचे कपडे आहेत. नदीपलीकडून येऊन इथे वसलेल्या माणसांनी ते धुवायला टाकले, पावती म्हणून पितळी बिल्ला घेऊन गेले, आणि त्याच आठवड्यात आपल्या गावाने, म्हणजे आपल्यासारख्याच लोकांनी, त्यांना घरात घुसून मारलं. केवळ पलीकडचे म्हणून. बिल्ले त्यांच्याबरोबर गेले आणि कपडे आपल्याकडे राहिले. अण्णा म्हणायचे, बिल्ला कधीही येऊ शकतो, आला की कपडा तयार पाहिजे. म्हणून दरवर्षी ती तारीख जवळ आली की सगळे कपडे काढायचे, धुवायचे, इस्त्री करून पुन्हा टांगायचे. तुला काय सांगायचं, तू शाळेत होतीस तेव्हापासून सुटलेली बटणं लावायचं काम तुझं होतं.

संग्रहालयात त्यांना काचेच्या कपाटात ठेवाल, हे मला कळतं. पण तिथे त्यांना धुणार कोण?

आणखी एक बातमी. तुझी वरची खोली भाड्याने दिली. किंचाळू नकोस, तुझी पुस्तकं आणि ती भयंकर हिरवी छत्री आमच्या कपाटात आहे. खोलीत आपली इस्त्रीवाली राहते, दोन मुलींना घेऊन. नवरा बोटीवर असतो. वर्षातून एकदा येतो आणि तिसऱ्या दिवशी तिच्या शिस्तीला कंटाळून बोटीची आठवण काढतो. आम्ही तिला कडक म्हणतो. तिने केलेली घडी टेबलावर उभी राहते आणि स्वभावही त्याच जातीचा. परवा मला म्हणाली, "मालक, तुमची ही कॉलर बघून गिऱ्हाईक दारातून परत जाईल." माझ्याच दुकानात! ती पलीकडची आहे. त्या वर्षी तिची आई पोटुशी असताना नदी ओलांडून पळाली होती. आजी मात्र पळू शकली नाही. "आजी इथल्या मातीत आहे, मग मी दुसरीकडे का राहू?" असं विचारते.

ऑक्टोबरात धुण्याला हात कमी पडणार. वहिनीचे गुडघे, माझा खांदा. येतेस का? भांडणही करू, कपडे वाळेपर्यंत वेळच वेळ असतो.

तुझा,
माननीय महोदय


२ सप्टेंबर

प्रिय ठमे,

दोन ओळींचं का होईना, उत्तर आलं. "तू हट्टी आहेस. खांद्याला शेक घे." पहिली ओळ संग्रहालयाची आणि दुसरी तुझी असं मी धरून चाललो आहे. शेक घेतो.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. त्या वर्षाच्या चौकशी आयोगासमोर तू या कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी राहिलीस. त्या साहेबाने एक सदरा उलगडला, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, हे तर आजच लाँड्रीतून आलेले दिसतात." सगळी खोली हसली. घरी येऊन तू अण्णांना म्हणालीस, "तुम्ही पुरावा धुतलात. दरवर्षी. वर स्टार्च घालून." पुढच्या वर्षी ते गेले. तू आलीस, रडलीस, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेलीस. मी गाडीपर्यंत तुझी बॅग घेऊन आलो होतो, ती तू माझ्या हातातून ओढून घेतलीस. मला अजून राग आहे त्या बॅगेचा.

बरं, ते असू दे. इकडे हवा बिघडली आहे. मागच्या आठवड्यात शाळेतलं एक मूल दुपारभर सापडेना. संध्याकाळी मावशीकडे झोपलेलं सापडलं, पोटभर जेवून. पण तेवढ्या वेळात "पलीकडच्यांनी नेलं" हा निरोप गावातल्या प्रत्येक फोनवर जाऊन आला होता. मूल सापडल्याचा निरोप मात्र कुणी पुढे धाडला नाही. आता ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पलीकडचे वाढले, पलीकडच्यांनी कामं बळकावली. आपण लहानपणी ऐकलेलीच वाक्यं, ठमे, फक्त नव्या तोंडांतून.

परवा बेकरीवाला आला. तोच, तुझ्या वेण्या ओढणारा. कागदात गुंडाळलेला गरम पाव माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या भल्यासाठी सांगतो, वरची खोली रिकामी करून घे. कशाला विस्तवाशी खेळतोस?"

मी म्हटलं, "तू जन्मभर विस्तवाशीच खेळतोयस की."

हसला. पावाचे पैसे घेतले नाहीत. "पोरं तापली आहेत रे, माझा पोरगाही त्यांच्यातच असतो," एवढं दारातून म्हणाला आणि गेला. पाव नेहमीसारखा उत्तम होता. मला त्याचंच वाईट वाटलं. निदान करपलेला तरी असायला हवा होता.

कडकला मी काही सांगितलं नाही, पण तिच्यापासून काय लपणार? संध्याकाळी तिने विचारलं, "मालक, शटर बंद करायची वेळ आली तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, या दुकानाचं शटर दिवसा खाली येत नाही. तुला आठवणार नाही, तू आईच्या कडेवर होतीस. त्या वर्षी अण्णांनी भर दुपारी शटर ओढलं होतं. सगळ्या रस्त्याने ओढलं होतं. मग बाहेरून कुणीतरी शटरवर थापा मारायला लागलं. शिव्या नाहीत, काही नाही, अण्णांना नुसती नावाने हाक. आई अण्णांचा हात धरून बसली होती. तिने हात सोडला, अण्णांनी शटर वर केलं, तोवर रस्त्यावर कुणीच नव्हतं. त्यानंतर ते शटर दिवसाउजेडी कधी खाली आलं नाही. अण्णा गेले त्या दिवशीसुद्धा नाही. लोक म्हणाले, ही काय तऱ्हा!

हे मी कडकला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढचा सदरा उचलला.

तू येणार की नाही ते लिहिलं नाहीस.

तुझा दादा


२१ सप्टेंबर

(अक्षर माझं, मजकूर यांचा. मी जे लिहिते आहे ते सगळं मला पटलेलं आहे असं समजू नकोस. — वहिनी)

प्रिय ठमे,

घाबरू नकोस. मी जिन्यावरून घसरलो. डोक्याला थोडे टाके पडलेत आणि उजवा हात गळ्यात बांधलाय. (थोडे नाहीत. — व.) जिना ओला होता. (जिना कोरडा होता. पण हे म्हणतात लिही, म्हणून लिहिते. — व.) म्हातारपण आलं म्हण, दुसरं काय.

इथल्या गडबडीबद्दल तू बातम्यांत वाचलं असशील. गडबड कसली, काही पोरं दुपारी दुकानासमोर येऊन उभी राहिली. म्हणे, पलीकडच्या गिऱ्हाइकांची घरं दाखवा. लाँड्रीवाल्याला कुठलं घर कुणाचं ते माहीत असतं. खरंच असतं. अण्णांनाही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, "कपडा आला की डाग कशाचा ते मी विचारतो, माणूस कुठला ते विचारत नाही." तोवर शेजारची शटरं खाली यायला लागली होती. तो खडखडाट मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. माझाही हात शटरच्या कडीकडे गेला, खोटं कशाला बोलू! पण आपलं शटर वरच राहिलं आणि मी दारात उभा राहिलो. मग समोरचा घड्याळवाला म्हातारा डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून बाहेर आला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं आणि त्या येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. पोरं पांगली. बस, एवढंच. (एवढंच नाही. — व.)

त्यानंतर मी जिन्यावरून पडलो. (हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, एवढी नोंद असू दे. — व.)

कडक आणि मुली ठीक आहेत. बेकरीवाला रोज सूप घेऊन येतो आणि माझ्या उशाशी बसतो. माणूस जुना, माया जुनी. वहिनी त्याच्याशी तुटक वागते, तू तिला समजाव. (मला कुणी समजावू नये. सूप मी झाडांना घालते. — व.)

इतक्या लांबून धावत येऊ नकोस. काही झालेलं नाही.

तुझा दादा


१ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसायचं असेल तर एकदाच हसून घे.

परवा तुझा फोन आला आणि तू आयुष्यात पहिल्यांदा "बरं" न म्हणता प्रश्न विचारलेस. कितव्या पायरीवरून? तोंडावर की पाठीवर? मग टाके कपाळावर कसे? मला फार बरं वाटलं. उत्तरं दिली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

एक वाईट बातमी आहे. कडक जायचं म्हणते. सामान बांधायला काढलंय. म्हणाली, "वर्षाचं धुणं उरकून देते आणि मग जाते, मालक. मधेच सोडून जाणार नाही." मी म्हटलं, अगं, गेलं ना ते वादळ, आता कशाला? तर म्हणाली, "पोलीस येऊन काही घडलं नाही असं लिहून गेले. पुढच्या वेळी मी तक्रार करायला गेले तर विचारतील, मागच्या वेळी तरी काय झालं होतं? मी काय सांगू?" आणि माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर तुला माहीत नाही. सुरकुती शोधते.

मुलींनी तुझ्या खिडकीच्या चौकटीवर त्यांची उंची खुणावली आहे, तुझ्या जुन्या खुणांच्या शेजारी. धाकटी तुझ्याहून उंच निघणार. त्या गेल्या तर मला त्या खोलीत पाय ठेववणार नाही. वहिनी तर चार दिवस नीट जेवलेली नाही. तुला तिची भूक माहीत आहे, त्यावरून काय ते समज.

पडल्यापडल्या मला ती बाई आठवते. बिल्ला घेऊन आलेली. इतक्या वर्षांत एकच बिल्ला परत आला, आणि तेव्हा तू काउंटरवर होतीस. अण्णांनी तिच्या नवऱ्याचा करडा कोट आणून दिला. झकास घडी, एक डाग नाही. अण्णांना वाटलं, ती खूश होईल. तिने कोट तोंडाशी धरला, वास घेतला, अस्तरात नाक खुपसून पुन्हा घेतला, आणि म्हणाली, "नुसता साबण." मग ती जी रडली! अण्णा तिला पाणी देत होते आणि मी खाली बघत होतो. तू मात्र तिच्याकडे बघत होतीस. मला वाटतं, तू आमच्यापासून दुरावलीस ती त्या दिवशी. आयोग वगैरे नंतरचं.

हे मी आजवर कधी बोललो नाही. डाव्या हाताने लिहिताना माणूस जास्त खरं लिहितो की काय, कोण जाणे.

तुझा दादा


११ ऑक्टोबर

ठमे,

बैस. पाणी घे. आज भांडायला नको, ऐकायला बैस.

मी जिन्यावरून पडलो नव्हतो. तुला हे कळलं होतं, तुला कळलंय हे मला कळलं होतं, आणि तुझ्या वहिनीने तर कंसात बसून बोंब मारली होती. तरी मी माझ्या हाताने लिहितो, कारण आतापर्यंत ते कुठेच लिहिलेलं नाही.

आज सकाळी धुण्यासाठी मागची खोली उघडली. मी एकेक कपडा आकड्यावरून काढून देत होतो आणि कडक घेत होती. शेवटच्या आकड्याला खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आपल्याकडे कागदात काही नसतं. उघडलं, तर माझा शर्ट. तू पहिल्या पगारातून आणलेला, निळ्या रेघांचा. खांद्यापासून खिशापर्यंत रक्त वाळून काळं पडलेलं, आणि कॉलर स्टार्चवाचून ताठ.

आणि तुला सांगतो, मी काय केलं असेल? ओरडलो तिच्यावर. "हे काय! इतके दिवस असाच ठेवलास? डाग पक्का झाला ना! रक्ताला लगेच थंड पाणी, हे मी तुला सांगायला पाहिजे?"

"नको," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"मग धुतला का नाहीस?"

"धुतला असता, तर तुम्ही खरंच जिन्यावरून पडला असता, मालक."

मी तिथेच धुण्याच्या टोपलीवर बसलो. ती दारात उभी राहिली. मागे बॉयलरचा आवाज चालू होता.

आता ऐक. दगड बेकरीवाल्याच्या पोराने मारला. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं. शाळेत असताना काच फोडल्यावर व्हायचा तसाच चेहरा झाला त्याचा. त्याचे दुपट्यापासूनचे कपडे आपल्या दुकानात धुतले आहेत मी. दगड माझ्यासाठी नव्हता. माझ्यामागे कडक उभी होती. मी मधे आलो यात शौर्य वगैरे काही नाही, मी समोर बघतच तिला हाताने मागे सारून "आत हो" म्हणत होतो. रक्त बघून पोरं पळाली. घड्याळवाला आला, औषधवाल्या बाई आल्या, हे सगळं खरं आहे, आणि ती दोघं आली नसती तर मी तिथे उभा राहिलो नसतो हेही खरं आहे. पण पोरं पळाली ती रक्त आपल्यातल्या माणसाचं निघालं म्हणून. तिचं निघालं असतं तर ती पळाली नसती, पुढे आली असती. त्या वर्षी तसंच झालं होतं.

पोलीस आले तेव्हा बेकरीवाला माझ्या उशाशी होता. त्याने काही मागितलं नाही. नुसता सूपाचा डबा मांडीवर धरून बसला होता, आणि डब्याचं झाकण सारखं उघडून पुन्हा लावत होता. मी म्हटलं, जिन्यावरून पडलो. इतकं सोपं गेलं, ठमे! डाग दिसला की आपला हात पाण्याकडे जातो, तसं. मित्राची अब्रू राहिली, पोराचं आयुष्य वाचलं, रस्त्याचं नाव राहिलं, सगळं एका वाक्यात स्वच्छ. फक्त कडकच्या हातात काही उरलं नाही. तिच्यावर दगड आला होता, आणि मी तो पुसून टाकला.

अण्णा चुकले असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना एवढंच येत होतं आणि ते त्यांनी जीव ओतून केलं. पण आयोगातलं ते हसू मला आज पहिल्यांदा ऐकू आलं. मी तेव्हा तुझ्याबरोबर आलो नव्हतो. दुकान उघडं ठेवायचं म्हणून मागे राहिलो, आणि तू एकटी उभी होतीस तिथे. मला फार वाईट वाटतं गं.

उद्या ठाण्यावर जातो. त्याआधी बेकरीत जाऊन सांगणार आहे, मित्राच्या पाठीमागे करायचं नाही. तुझी वहिनी बरोबर येते म्हणते. माझ्यावर भरवसा नाही तिचा, मी वाटेत पुन्हा एखाद्या जिन्यावरून पडेन म्हणते.

दादा


१६ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

जबाब दिला. अधिकारी म्हणाला, "आधी तर पडलो म्हणालात." मी म्हटलं, "हो. आता उठलोय." वहिनीने मला कोपर मारलं, पण तोवर बोलून झालं होतं. त्याने सगळं लिहून घेतलं, चेहरा आंबट करून का होईना. घड्याळवाला म्हाताराही आला होता, न बोलावता. त्याने सांगितलं की बाईवर दगड आला आणि तो माझ्या डोक्याला लागला. भिंग लावलेलं होतं म्हणून नीट दिसलं, असंही सांगितलं. त्या भिंगातून हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याने तेव्हा ते कपाळावर सरकवलं होतं हेही मी पाहिलं होतं, म्हणून गप्प राहिलो.

बेकरीवाल्याचं सांगतो. भट्टीसमोर उभा होता. सगळं ऐकून घेतलं.

"माझा एकुलता एक आहे," म्हणाला.

"माहीत आहे."

"तू पडलो म्हणाला होतास."

"चुकलो मी."

त्याने तोंड फिरवलं. माझ्यावर ओरडायला हवा होता, तो ओरडला नाही. तीन-चार दिवस त्याच्या दुकानाचे कपडे आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी पाव दुसरीकडून आणला, आणि तो इतका वाईट होता की वहिनीच्याही घशाखाली उतरेना. आज सकाळी त्याची बायको ॲप्रनांचं गाठोडं घेऊन आली. काउंटरवर ठेवलं आणि उभी राहिली. मी बिल्ला दिला. तिने तो नीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पोराला आज ठाण्यावर बोलावलं आहे आणि बाप त्याच्याबरोबर गेला आहे, एवढं मला बाहेरून कळलं. माझा जीव त्या पोरासाठीही तुटतो. हे तुला पटणार नाही, पण तुझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

कडकने बांधलेलं सामान अजून सोडलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "लिहून झालं. पण वाचणार कोण?" तरी मुलींची दप्तरं गाठोड्यातून बाहेर आली आहेत, आणि तिची इस्त्रीची जाड घोंगडी पुन्हा टेबलावर अंथरली आहे. "ताईंना येऊ दे, मग बघू," असं म्हणते. तुला तिने अजून पाहिलेलं नाही, पण माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे तिचा. शहाणी आहे.

आता कामाचं. शर्ट ताब्यात घ्यायला पोलीस पुढच्या आठवड्यात माणूस पाठवणार आहेत. त्याआधी तू इथे पाहिजेस. असली वस्तू कशात गुंडाळायची, कुठे हात लावायचा नाही, देताना काय काय लिहून घ्यायचं, म्हणजे पुढे कुणी हसणार नाही, हे सगळं तुला येतं. आम्हाला नाही येत. आमचे हात एकाच दिशेला वळलेले आहेत. परवा मी दोनदा त्या खोलीपर्यंत जाऊन परत आलो. कॉलरवरचा तेवढा एक डाग तरी काढावा असं सारखं वाटतं. कडकने किल्ली स्वतःजवळ ठेवून घेतली आहे.

बाकीच्या कपड्यांचं समोरासमोर भांडू. या वर्षी सगळे धुऊन झाले आहेत, फक्त एक स्वेटर राहिला, लहान मुलाचा, कोपरावर माती असलेला. अण्णांच्या हातून ती माती कशी निघाली नाही, कोण जाणे. की त्यांनीच ठेवली होती? तो मी तसाच टांगला आहे. तुला विचारल्याशिवाय पाण्यात घालणार नाही.

खिडकीजवळची जागा मुलींनी तुझ्यासाठी रिकामी केली आहे. हिरवी छत्रीही तिथे नेऊन ठेवली आहे, त्यांना ती आवडते म्हणे. वहिनीने तुझ्यासाठी उशीला नवा अभ्रा घातला. बॅग मात्र गाडीपासून मी घेणार. डाव्या हाताने घेईन, पण घेणार. ओढलीस तर याद राख.

शर्टाला मी बिल्ला लावला आहे. त्याच्या जोडीचा या पाकिटात आहे, हलवून बघ, वाजेल. बिल्ला घेऊन जो येईल त्याला कपडा द्यायचा, हा आपल्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. तू आलीस की मी तो तुझ्या हातात देईन. न धुता.

तुझा दादा